जुना संगणक टाकून देण्याआधी: तपासणीपासून लिनक्सपर्यंतचा पूर्ण रस्ता

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. त्या दिवशी सकाळी जे संगणक व्यवस्थित चालत होते ते संध्याकाळीही तसेच चालत होते. त्यांची कळ अडकली नव्हती की डिस्क खराब झाली नव्हती. पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या, आणि इंटरनेटला जोडलेल्या यंत्राला ते हळूहळू महागात पडतं.

यावर कंपनीचं उत्तर म्हणजे विंडोज ११. ते अधिकृतपणे बसवायचं तर टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप) हवं, सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त सही असलेली प्रणाली चालू देणारी) सोय हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. ती पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे २०१६ सालचा चार कोअरचा, १६ जीबी रॅमचा दणकट डेस्कटॉप यादीबाहेर, आणि त्यानंतर आलेला ४ जीबी रॅमचा, रखडत चालणारा, स्वस्त सेलेरॉन प्रोसेसरचा लॅपटॉप मात्र यादीत. टीपीएममुळे सुरक्षा वाढते हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण यंत्राचं आयुष्य संपलं की नाही हे ज्याने ते विकत घेतलं त्याने ठरवावं. ज्याला पुढचं यंत्र विकायचं आहे त्याच्या हाती तो निर्णय नसावा, असं माझं ठाम मत आहे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येतो त्याचं, मोल मला इथे वाटतं. विंडोजच्या जागी बसवता येणारी लिनक्स ही प्रणाली त्यातलीच. ते फुकट मिळतं ही त्यापुढे दुय्यम बाब.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपचं तर असं आहे की त्याच्या आयुष्यभरातल्या कर्ब उत्सर्जनाचा मोठा हिस्सा तो कारखान्यातून बाहेर पडायच्या आधीच झालेला असतो. त्यामुळे आहे तोच लॅपटॉप आणखी चार वर्षं वापरणं हा साधा हिशोबाचा मामला आहे.

पुढे दिलेला क्रम मी स्वतः अनेक यंत्रांवर वापरलेला आहे. सगळ्या पायऱ्या एका बैठकीत उरकू नका. दोन सुट्टीचे दिवस हाताशी ठेवा.

पायरी १: यंत्राची ओळख करून घ्या

आधी कागद-पेन घ्या आणि चार गोष्टी लिहून काढा: प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती व कोणत्या प्रकारची, डिस्क फिरती आहे की एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी), आणि ग्राफिक्स कोणाचं आहे. विंडोज अजून चालू असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या भागात हे जवळपास सगळं दिसतं. यंत्र सुरूच होत नसेल तर खालच्या बाजूला चिकटवलेला मॉडेल क्रमांक पाहून माहिती काढा.

प्रोसेसर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, हे नक्की पाहा. २००६ नंतरच्या कोअर टू ड्युओपासून पुढचं बहुतेक सगळं ६४ बिट आहे. सुरुवातीच्या काही नेटबुकमधले अ‍ॅटम प्रोसेसर ३२ बिटचे निघतात. कित्येकदा प्रोसेसर ६४ बिटचा असतो पण त्यावर वर्षानुवर्षं ३२ बिटचं विंडोज चालत असतं आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो.

माझा ठोकताळा सांगतो. तिसऱ्या पिढीचा आय-५ म्हणजे २०१२ च्या आसपासचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असेल, तर लिखाण, हिशोब, व्हिडिओ कॉल, अभ्यास, साधं प्रोग्रामिंग या सगळ्याला ते यंत्र आजही पुरून उरतं. कोअर टू ड्युओ आणि ४ जीबी असेल तर जमेल, पण ब्राउझरमध्ये टॅब मोजूनमापून उघडावे लागतील. २ जीबी आणि ३२ बिट असेल तर ते एकाच कामाला जुंपा: फक्त टंकलेखन, फक्त संगीत, किंवा घरातल्या फाइली साठवायला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जुनं यंत्र संथ वाटतं त्याचा दोष बहुतेक वेळा त्याच्यावरच जातो. वास्तविक दहा वर्षांत त्याचा वेग कमी झालेला नसतो, त्याच्यावर लादलेलं ओझं वाढलेलं असतं. आज एखादं बातमीचं पान उघडलं की मजकूर असतो चार परिच्छेदांचा आणि त्याच्यासोबत जाहिराती, पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ असा सगळा लवाजमा येतो. हे ओझं कुणीतरी हेतुपुरस्सर ठेवलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं उतरवता येतं. ते नवव्या पायरीत पाहू.

पायरी २: माहिती वाचवा, मगच पुढे जा

कागदपत्रं आणि फोटो सगळ्यांना आठवतात. विसरल्या जातात त्या या गोष्टी: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क, संगणकावरच उतरवून ठेवलेली ईमेल, हिशोबाच्या प्रोग्रॅमचा डेटा फोल्डर, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्स की, आणि डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं पडून असलेल्या फाइली. सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तिथल्या दहा-बारा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडता ‘कॉपी झाली’ म्हणण्यात अर्थ नाही.

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की आधी लिहून घ्या. काही लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न विचारता लागलेलं असतं, आणि की मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. खात्याचा पासवर्ड आठवतोय तोवरच ती काढून ठेवा.

जुन्या मराठी फाइली असतील तर आणखी एक काळजी घ्या. युनिकोड रुळण्याआधी कृतिदेव, श्रीलिपी असे फॉन्ट वापरून केलेले दस्तऐवज तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा खच दिसतात. अशा फाइलींसोबत तो फॉन्टही जपून ठेवा, महत्त्वाच्या फाइली पीडीएफ करून ठेवा आणि सवडीने युनिकोडमध्ये रूपांतरित करा.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी लिनक्स बसवताना बॅकअपची बाहेरची डिस्क मी जोडलेलीच ठेवली होती. आतली आणि बाहेरची, दोन्ही ५०० जीबीच्या. इन्स्टॉलरच्या यादीत मी चुकीच्या ओळीवर टिचकी मारली आणि वडिलांच्या पत्रांचे स्कॅन ज्या डिस्कवर होते तीच पुसली गेली. रिकव्हरीच्या साधनांनी काही फाइली परत मिळाल्या, पण अर्ध्याहून अधिक पत्रं गेली ती गेलीच. तेव्हापासून इन्स्टॉल करायच्या आधी मी बाहेरची प्रत्येक डिस्क काढून दुसऱ्या खोलीत ठेवतो. तुम्हीही हेच करा. आणि जे परत मिळवता येणार नाही त्याच्या एका नव्हे, दोन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

पायरी ३: तब्येत तपासा

लॅपटॉप असेल तर सर्वांत आधी बॅटरी पाहा. टचपॅड वर उचलला गेलाय, खालचं झाकण फुगलंय, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय, असं काही दिसलं तर बॅटरी फुगलेली आहे. ती टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका. यंत्र बंद करून बॅटरी सांभाळून काढा आणि ई-कचऱ्याच्या संकलन केंद्राकडे द्या. हे काम हाताला सरावाचं नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. लिथियम बॅटरी पेटली तर ती विझवणं अवघड असतं. कित्येक लॅपटॉप बॅटरीविना, नुसत्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात, त्यामुळे बॅटरी गेली म्हणून यंत्र गेलं असं समजू नका.

मग डिस्क. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. लिनक्सवर जीस्मार्टकंट्रोल आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो ही नोंद वाचून दाखवतात. दोन आकड्यांकडे लक्ष द्या: रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर. दोन्ही शून्य असतील तर ठीक. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर डिस्क मरणपंथाला लागली आहे, तिच्यावर नवं काही बसवू नका.

रॅमसाठी मेमटेस्ट८६प्लस हे मुक्त स्रोत साधन पेन ड्राइव्हवरून चालवा आणि रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दाखवली तर ती पट्टी बदला. खराब रॅमची लक्षणं फसवी असतात: कधी इन्स्टॉलेशन मध्येच अडकतं, कधी फाइल खराब होते, आणि माणूस उगाच लिनक्सला दोष देत बसतो.

उरली उष्णता. मागच्या जाळीत साचलेली धूळ आणि वाळून पापुद्रा झालेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंक या धातूच्या भागाकडे नेणारा लेप) यांमुळे प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पुष्कळ ‘म्हातारे’ लॅपटॉप निव्वळ या कारणाने रांगत असतात. झाकण उघडा, फॅनची पाती बोटाने धरून ब्रशने धूळ काढा, हीटसिंक सोडवा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाटाण्याएवढी नवी लावा. स्क्रू कुठून काढला हे कळावं म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी चिकटवून ठेवा. डेस्कटॉपची तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

पायरी ४: एसएसडी, आणि जमलं तर रॅम

एकच खर्च करायचा असेल तर एसएसडीवर करा. फिरत्या डिस्कला प्रत्येक तुकड्यासाठी हात हलवून योग्य वर्तुळावर न्यावा लागतो आणि मग तबकडी फिरून ती जागा खाली येईपर्यंत थांबावं लागतं. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीलाच ११ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेल्या तुकड्यांचं वाचन सेकंदाला शंभरच्या आतच अडकतं. साधी साटा एसएसडी तेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. यंत्र सुरू व्हायला लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी जशीच्या तशी बसते.

रॅम घेताना प्रकार जुळवा. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्या, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ व्होल्टवरही. काही लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्टच देतात आणि त्यांत १.५ ची पट्टी घातली तर यंत्र सुरूच होत नाही. शंका असेल तर डीडीआर३एल घ्या.

रॅम बदलायला गेलात आणि ती मदरबोर्डवरच डाखलेली निघाली, तर तुमचा हिरमोड होईल आणि तो रास्त आहे. अ‍ॅपलने २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम डाखली, आणि पुढे पातळ लॅपटॉपांच्या जगात तो शिरस्ता पडला. जाडी वाचते, काही प्रकारच्या रॅमला वेगही मिळतो, हे मान्य. पण एसएसडीही डाखली की एका चिपच्या मरणाने सगळा बोर्ड निकामी होतो आणि मालकाची माहितीही जाते. पुढचा संगणक घेताना जाडी पाहण्याआधी ‘रॅम आणि डिस्क बदलता येते का’ हे विचारा. हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला तरच कंपन्या ऐकतील.

पायरी ५: कोणतं लिनक्स?

लिनक्स अनेक रूपांत मिळतं, आणि त्यातलं कोणतं चांगलं यावर लोक तावातावाने भांडतात. नवख्याने त्यात पडू नये. ६४ बिट आणि ४ जीबी किंवा अधिक रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घ्या. विंडोजची सवय असलेल्या माणसाला ती दहा मिनिटांत कळते, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. त्याहून हलकं हवं तर एमएक्स लिनक्स किंवा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप असलेलं लुबुंटू. अगदीच जुनं किंवा ३२ बिटचं असेल तर अँटीएक्स.

निवड करताना दिसण्यापेक्षा त्यामागे कोण उभं आहे हे मी अधिक पाहतो. त्याचं कारण सेंटओएस. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या सशुल्क प्रणालीची ही मोफत प्रतिकृती असंख्य सर्व्हरवर चालत असे. २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला रेड हॅट घेतली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८, ज्याला २०२९ पर्यंत आधार मिळेल असं लोक धरून चालले होते, ते २०२१ अखेर बंद होणार. परवाना मुक्त होता, त्यामुळे कोड कुणाला काढून घेता आला नाही आणि थोड्याच महिन्यांत रॉकी लिनक्स व अल्मालिनक्स उभे राहिले. पण आश्वासन मात्र एका घोषणेत संपलं. परवाना तुम्हाला कोडचा हक्क देतो, उद्याच्या अपडेटची हमी देत नाही. म्हणून डेबियन या लिनक्सवर माझा विशेष भरवसा आहे: १९९३ पासून चालू, कोणत्याही कंपनीच्या मालकीचं नाही, निर्णय स्वयंसेवकांच्या मतदानाने.

तरी मुक्त स्रोताच्या जगातही जुनी यंत्रं मागे पडतात, हे लपवू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या इंटेल संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. तपासणारी माणसं आणि चालू यंत्रंच कमी झाली की कुणी काय करणार? फरक इतकाच की ही चर्चा उघड झाली, कारणं सगळ्यांना वाचता आली, आणि ज्याला पटलं नाही त्याला तोच कोड घेऊन पुढे चालवता येतो.

पायरी ६: फाइल उतरवा, पडताळा, पेन ड्राइव्हवर घ्या

आयएसओ फाइल, म्हणजे लिनक्सची बसवण्याजोगी पूर्ण प्रत, फक्त प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. मग तिचा एसएचए-२५६ अंक (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा) तिथे दिलेल्या अंकाशी जुळवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि उतरवण्याचा दुवा बदलून मागचं दार (चोरून आत शिरण्याची वाट) असलेली आयएसओ ठेवली गेली होती. प्रकल्पाने ते एका दिवसात पकडलं आणि जाहीरही केलं, पण त्या काळात उतरवून घेणाऱ्यांना त्याचा फटका बसला. संकेतस्थळच ताब्यात गेलं तर तिथला अंकही बदलता येतो, म्हणून प्रकल्पाची डिजिटल सही पडताळणं अधिक पक्कं. मिंटच्या मार्गदर्शिकेत त्याची कृती दिलेली आहे.

पेन ड्राइव्ह ८ जीबीचा पुरे. त्यावर आयएसओ उतरवायला बलेनाएचर सर्वांत सोपं. वेगवेगळी लिनक्स आजमावायची असतील तर व्हेंटॉय घ्या. त्यात एकाच पेन ड्राइव्हवर कितीही आयएसओ नुसत्या कॉपी करून ठेवता येतात.

पायरी ७: बसवण्याआधी चालवून पाहा

यंत्र सुरू होताना एफ१२, एफ९, एस्केप किंवा एफ२ यांपैकी जी कळ तुमच्या मॉडेलला लागू असेल ती दाबून पेन ड्राइव्ह निवडा. डिस्कला हात न लावता पूर्ण लिनक्स समोर येतं. लगेच इन्स्टॉलच्या मागे लागू नका. तासभर वापरा. वायफाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणं, प्रिंटर आणि झाकण मिटल्यावर झोपून पुन्हा जागं होणं, हे सगळं पाहा. झोपेची तक्रार सर्वांत चिवट असते.

वायफाय सापडलं नाही तर चिप बहुधा ब्रॉडकॉमची असते. फोन यूएसबीने जोडून इंटरनेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर बसवा.

एनव्हिडियाचं जुनं कार्ड असेल तर वेगळी कथा. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा कर्नलमधला (प्रणालीच्या गाभ्यातला) भाग खुला केला आणि त्याचं स्वागत झालं. पण तो चालतो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांवर. ज्यांना खुल्या ड्रायव्हरची सर्वांत जास्त गरज होती, म्हणजे ज्या कार्डांकडे खुद्द कंपनीने पाठ फिरवली होती, ती बाहेरच राहिली. त्यांच्यासाठी नूवो हा ड्रायव्हर आहे, जो लोकांनी कार्डांचं वागणं उलगडत, कंपनीच्या कागदपत्रांशिवाय लिहिला. तो खेळांसाठी पुरा पडत नाही, पण रोजच्या कामाला चालतो. इंटेलच्या ग्राफिक्सला सहसा काहीच करावं लागत नाही.

पायरी ८: बसवा

जुन्या डिस्कची जागा नव्या एसएसडीने घेतली असेल तर जुनी डिस्क तशीच, विंडोजसकट, पिशवीत घालून तीन महिने बाजूला ठेवा. काही बिनसलं तर पाच मिनिटांत मागे जाता येतं. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारीशेजारी नांदवण्याच्या मी विरोधात आहे. विंडोजच्या एखाद्या अपडेटने बूटची व्यवस्था विस्कटली की नवखा माणूस घाबरून सगळंच सोडून देतो.

बाहेरच्या डिस्क काढल्यात ना? मग पूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय निवडा. लॅपटॉप घराबाहेर नेत असाल तर एन्क्रिप्शनही (पासवर्डविना डिस्क वाचता न येणं) चालू करा. मात्र कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या खास सूचना नसतात, तिथे एन्क्रिप्शनमुळे डिस्कचा वेग जाणवण्याइतका उतरतो. बाकीचे प्रश्न भाषा, टाइमझोन आणि नाव एवढेच.

पायरी ९: पहिला आठवडा

सर्व अपडेट घ्या, मग टाइमशिफ्ट चालू करा. प्रणालीची जुनी स्थिती ते जपून ठेवतं आणि बिघाड झाला की तिथे परत नेतं. तुमच्या फाइलींचा बॅकअप मात्र ते घेत नाही, तो वेगळा ठेवावा लागतो.

रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर झेडरॅम बसवा. रॅममधली वापरात नसलेली माहिती ते रॅममध्येच दाबून ठेवतं, त्यामुळे डिस्कवर लिहिण्याची वेळ कमी येते.

आता ब्राउझरचं ओझं. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाका. जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट अडल्या की जुन्या यंत्रावर पानं उघडण्यात जो फरक पडतो तो कुठल्याही प्रोसेसर-बदलाइतका जाणवतो. गुगलने क्रोममध्ये एक्स्टेंशनचे नियम बदलले आणि हे एक्स्टेंशन पूर्ण रूपात तिथे चालेनासं झालं. जाहिरातींवर जगणारी कंपनी ब्राउझर बनवते तेव्हा निर्णय कुठे झुकतात याचं हे ताजं उदाहरण आहे.

व्हिडिओ अडखळत असतील तर कारण बहुधा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबण्याची आणि उलगडण्याची पद्धत. मोठी व्हिडिओ संकेतस्थळं व्हीपी९ आणि एव्ही१ या नव्या पद्धतींत व्हिडिओ पाठवतात. जुन्या ग्राफिक्स चिपला त्या येत नाहीत, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि फॅन किंचाळतो. एच.२६४ ही पद्धत मात्र त्या चिपमध्येच उलगडता येते. तीच मागवणारं छोटं एक्स्टेंशन फायरफॉक्ससाठी मिळतं. ते टाका, ७२० वर पाहा.

मराठी टंकलेखनासाठी कीबोर्ड लेआउटमध्ये जाऊन मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट ही प्रमाण कीबोर्ड-मांडणी येत असेल तर ती तयारच असते. उच्चारानुसार लिहायची सवय असेल तर आयबस या टंकलेखन-साधनातून फोनेटिक पद्धत बसवा. नोटो आणि लोहित हे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत.

कार्यालयीन कामाला लिब्रेऑफिस. ओरॅकलने सन कंपनी घेतल्यावर ओपनऑफिसचं काय होणार या धास्तीने २०१० मध्ये त्याच्या विकसकांनी वेगळी वाट धरली, त्यातून ते जन्मलं. स्वतःचं लेखन ओडीएफ या खुल्या फाइल-प्रकारात साठवा, तो २००६ पासून आंतरराष्ट्रीय (आयएसओ संस्थेचं) मानक आहे. इतरांकडून आलेल्या वर्डच्या फाइली उघडतात, पण किचकट तक्ते आणि ट्रॅक चेंजेस असतील तर मांडणी हलते. अंतिम प्रत पीडीएफमध्येच पाठवा.

पायरी १०: जिथे जमत नाही ते मान्य करा

अ‍ॅडोबचे प्रोग्रॅम, ऑटोकॅड, फसवणूक-प्रतिबंधक असलेले बरेच ऑनलाइन खेळ, फक्त विंडोजवर चालणारे सहीचे टोकन किंवा यंत्रसामग्रीचे ड्रायव्हर, यांवर पोट अवलंबून असेल तर लिनक्सचा हट्ट धरू नका. जिंप हे मुक्त चित्र-संपादन साधन म्हणजे फोटोशॉप नव्हे, आणि तसं सांगून कुणाला वळवलं तर तो माणूस आठवड्यात परत जातो. अशा वेळी ते एक काम नव्या यंत्रावर करा आणि जुनं बाकी सगळ्यासाठी ठेवा.

पायरी ११: थोडं परत द्या

ही पायरी मार्गदर्शक लेखांत सहसा नसते, पण वरच्या दहा पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरण्याच्या साधनाने) लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने माग काढला तेव्हा एक्सझेड या फाइल दाबून लहान करण्याच्या साधनात मुद्दाम लपवलेलं मागचं दार सापडलं. ते टाकणाऱ्याने दोनेक वर्षं मदतनीस म्हणून वावरून, थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास कमावला होता. तो कोड अजून चाचणीच्या आवृत्त्यांतच होता, म्हणून जग वाचलं. फ्रॉइंड स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. ज्या कंपनीच्या प्रमुखाने २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती तिच्याच अभियंत्याने हे उघड करावं, यावरून कंपन्यांना सरसकट काळं-पांढरं रंगवता येत नाही हे मी शिकलो. पण एवढ्या पायाभूत साधनाची देखभाल एका माणसाने, मोकळ्या वेळात करायची आणि त्यावर मोठमोठ्या कंपन्यांनी कमवायचं, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते.

तुम्ही काय करू शकता? एखादा दोष दिसला तर यंत्राचं मॉडेल, आवृत्ती आणि नेमकं काय केल्यावर काय झालं हे लिहून नोंदवा. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं तर कुणाला काही करता येत नाही. मराठी भाषांतरात चुकीचा किंवा बोजड शब्द दिसला तर सुधारून पाठवा. मिंट, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स सगळ्यांना मराठी जाणणारी माणसं हवी आहेत. दरवर्षी एका प्रकल्पाला ऐपतीप्रमाणे देणगी द्या, आणि ती लहान प्रकल्पाला दिलीत तर उत्तम.

नवं सॉफ्टवेअर स्वीकारताना कोडचे हक्क एकाच कंपनीकडे आहेत का तेही पाहा. सर्व्हरच्या जगातली तीन साधनं घ्या: इलॅस्टिकसर्चने २०२१ मध्ये, टेराफॉर्मने २०२३ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये परवाना आवळला, म्हणजे मुक्त वापरावर बंधनं घातली. तिन्ही वेळा लोकांनी जुन्या मुक्त कोडवरून नवी फांदी काढली: ओपनसर्च, ओपनटोफू, व्हॅल्की. इलॅस्टिक आणि रेडिसने पुढे मुक्त परवाना पुन्हा देऊ केला. क्लाउड कंपन्या आयत्या कोडवर धंदा करतात ही त्यांची तक्रार खोटी नव्हती, पण हजारोंचा हातभार घेऊन झाल्यावर नियम बदलले की विश्वासाला तडा जातो तो जातोच.

पायरी १२: नोंद ठेवा

एक छोटी चिठ्ठी लिहा. रॅमचा प्रकार, एसएसडी कधी बसवली, थर्मल पेस्ट कधी बदलली, कोणतं लिनक्स घातलं आणि त्याचे अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळतील, एवढं पुरे. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या दाराच्या आतून चिकटवा, लॅपटॉप असेल तर खालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, फॅनपासून लांब. यंत्र दुसऱ्या कुणाला द्याल तेव्हा चिठ्ठी काढू नका. जुनी डिस्क मात्र काढून ठेवलीत तीन महिन्यांसाठी; ती मुदत संपली की एनवाइप या साधनाने पूर्ण पुसून टाका आणि मगच हातावेगळी करा.